जुनी शिडाची बोट घेताना आणि विकताना: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नागपुरात राहतो आणि शिडाची बोट कोकण किनाऱ्यावर ठेवतो. आधी तिघांनी मिळून एक 27 फुटी घेतली होती. ती विकली, आता 31 फुटी आहे. दोन्ही जुन्याच घेतल्या. त्यामुळे नागपूर, वर्धा, अमरावतीहून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. वाचताना लक्षात येईल की आपल्याकडच्या माणसाला किंमत तितकी नडत नाही, अंतर नडतं. बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात.

1. क्रूझिंग सेलबोट म्हणजे नेमकं काय? अंबाझरीत शिडाच्या होड्या दिसतात, त्याच का?

नाही. अंबाझरीत एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं चालवतात त्या डिंगी. उघड्या असतात, माणूस-दोन माणसं बसतात, उलटली तर सरळ करून पुन्हा निघता येतं. क्रूझिंग बोटीला खाली केबिन असते, झोपायला बाकं, छोटा ओटा, संडास, डिझेल इंजिन. तळाला शिशाचा किंवा ओतीव लोखंडाचा जड कील असतो. वाऱ्याने बोट कलते आणि कील तिला परत उभी करतो. या बोटी साधारण 26 ते 40 फुटांच्या असतात आणि रात्र-रात्र समुद्रात काढता येते.

तरी डिंगी शिकून घ्याच. डिंगीत वाऱ्याची चूक तत्काळ कळते. मोठी बोट ती चूक बराच वेळ पोटात ठेवते.

2. नागपूरच्या माणसाला समुद्रातली बोट झेपते का? खरं सांगा.

झेपते, पण हिशोब मांडून. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि तो भिवंडीजवळ संपतो. पुढे मुंबईची गर्दी. मला गाडी चालवण्यापेक्षा विदर्भ एक्सप्रेस बरी वाटते. शुक्रवारी संध्याकाळी बसलं की शनिवारी सकाळी सीएसएमटी.

मोसम ऑक्टोबर ते मे, म्हणजे आठ महिने. महिन्यातून एकदा दोन दिवस जमले तर वर्षाला 16 दिवस झाले. उरलेले 349 दिवस बोट तुमच्याविना असते. तिला भाव किती आणि लांबी किती, याच्या आधी त्या 349 दिवसांत तिच्याकडे कोण बघणार, हे ठरवा.

आमच्या पहिल्या बोटीच्या वेळची गोष्ट. जुलै महिना, मंगळवार. बोट किनाऱ्यावर टेकूच्या घोड्यांवर उभी होती, वर ताडपत्री. मांडव्याकडचे एक काका आठवड्यातून एकदा फेरी मारायचे. वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा फाटला होता आणि कॉकपिटचा, म्हणजे बसून बोट चालवायच्या उघड्या जागेचा, निचरा पानांनी तुंबला होता. पाणी चढून केबिनच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. काकांनी हाताने पानं काढली आणि मला फोन केला, ‘पाणी उतरतंय, काळजी नको.’ ते त्या दिवशी गेले नसते तर इंजिन पाण्याखाली गेलं असतं, आणि मला ऑक्टोबरात कळलं असतं.

म्हणून बोट पसंत करण्याआधी असा माणूस शोधा. त्याला दर महिन्याला ठरलेले पैसे वेळेवर द्या. तो मिळत नसेल तर तिथली बोट घेऊ नका.

3. बोट नागपुरातच आणून ठेवली तर? खिंडसी आहे, पेंच आहे.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. 30 फुटी बोटीची रुंदी साधारण 3 मीटर असते. रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे. म्हणजे अवाढव्य मालाची वेगळी परवानगी, खास ट्रेलर, दोन्ही टोकांना क्रेन, डोलकाठी काढणं आणि परत चढवणं आलं. कीलसकट बोट ट्रेलरवर ठेवली की उंचीही पुलांना आणि तारांना भिडते.

आणली तरी पुढे काय? जलाशयांची पातळी उन्हाळ्यात उतरते आणि दीड मीटर कीलची बोट चिखलात बसते. पाण्यात उतरवायला परवानगी लागते ती वेगळीच. आणि आपला मे महिना. 45 अंशांच्या उन्हात शिडाचा दोरा, खिडक्यांचं रबर, डेकचा रंग, काहीच टिकत नाही.

आपल्या तलावावरच चालवायची असेल तर 19 ते 22 फुटी, कील वर उचलता येईल अशी ट्रेलरवरची बोट बघा. तिची रुंदी अडीच मीटरच्या आत बसते. ती वेगळी वस्तू आहे आणि चांगली वस्तू आहे. या पानावरची पुढची उत्तरं मात्र समुद्रातल्या बोटीची आहेत.

4. मग ठेवायची कुठे? मुंबई, गोवा की कोची?

मुंबईत बोट मूरिंगवर असते, म्हणजे समुद्रतळाशी बांधलेल्या साखळीच्या बोयाला. बोटीपर्यंत छोट्या होडीने जावं लागतं. पावसाळ्यात ती बाहेर काढावी लागते. आपल्याला पोचायला मुंबईच सोपी. गोव्यात मांडवी आणि शापोऱ्याच्या पाण्यात आडोसा मिळतो आणि फायबरचं काम करणारे कारागीर आहेत. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यातच बांधलेली. कोचीला बोळगट्टी बेटावर खरी मरीना आहे. तरंगत्या धक्क्याला बोट लागते, वीज-पाणी मिळतं. पण नागपूरहून महिन्याला कोचीला जाणं दोन-तीन फेऱ्यांनंतर बंद पडतं. अनेकांचं पडलेलं पाहिलं आहे.

5. किती फुटी घ्यावी? घेतोच आहे तर मोठी नको का?

28 ते 32. दोघांना सांभाळता येते, चौघांना झोपता येतं. लांबी थोडी वाढली की वजन, शिडांचं क्षेत्रफळ, दोरांची जाडी, बाहेर काढायचं भाडं, सगळं त्याहून जास्त वाढतं.

लांबीपेक्षा मी पाण्याखालची खोली, म्हणजे ड्राफ्ट, आधी विचारतो. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध असतात. 1.2 ते 1.5 मीटर ड्राफ्टची बोट भरती साधून आत जाते आणि रात्रभर शांत झोपते. दोन मीटरवाली बाहेर लाटांत हेलकावे खात राहते.

6. किती जुनी चालते? 30 वर्षांची बोट म्हणजे भंगार नाही का?

गाडीचं गणित इथे लावू नका. हाताने जाड थर देऊन केलेला फायबरग्लासचा सांगाडा, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, 40 वर्षंही सहज टिकतो. गोल्डन ग्लोब रेस ही एकट्याने पृथ्वीला फेरी मारायची शर्यत. तिचा नियमच असा आहे की बोटीचं डिझाइन 1988 च्या आधीचं हवं, लांबी 32 ते 36 फूट. कमांडर अभिलाष टॉमी 2022-23 च्या शर्यतीत रस्लर 36 जातीच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारून दुसरे आले.

वय सांगाड्याचं मोजू नका, त्यावर बसवलेल्या वस्तूंचं मोजा. डोलकाठीच्या तारा 10 ते 15 वर्षांत बदलायच्या. सेलड्राइव्ह (इंजिनचा जोर तळातून खाली पंख्याला देणारा भाग) असेल तर त्याचा रबरी पडदा साधारण सात वर्षांत. शिडं वापरावर आणि उन्हावर. ‘तारा कधी बदलल्या?’ असं विचारल्यावर मालक बिल दाखवतो की आठवायला लागतो, ते बघा.

7. पहिल्यांदा बघायला चाललो आहे. मला त्यातलं काही कळत नाही. काय बघू?

सर्व्हेअर नंतर येईलच (प्रश्न 8). पण त्याला बोलवावं की नाही, हे तुम्ही स्वतः दोन तासांत ठरवू शकता. सोबत एक विजेरी, जुनं फडकं, छोटी प्लास्टिकची हातोडी आणि पाच रुपयांचं नाणं न्या.

आत शिरल्याशिरल्या वास घ्या. डिझेलचा थोडा वास असतोच. कुजट, बुरशीचा वास आला तर पाणी कुठून तरी आत येतं आहे. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाकावरची गादी उचला आणि खालचा कप्पा उघडा. तिथे सहसा कोणी साफसफाई करत नाही, म्हणून तो खरं सांगतो.

मग डेकवर या. डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बऱ्याच बोटींत बाल्साचं हलकं लाकूड भरलेलं असतं. खिळ्या-बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं. कळमन्याच्या बाजारात टरबूज वाजवून घेतो तसं हातोडीने किंवा नाण्याने वाजवत जा. टणक, खणखणीत आवाज येत असताना मध्येच बद्द झाला की तिथे खडूने खूण करा. तळहाताएवढी एखादी जागा दुरुस्त होते. डोलकाठीच्या भोवती सगळीकडे बद्द वाजत असेल तर नमस्कार करून परत या.

आता चेनप्लेट. डोलकाठीच्या तारा बोटीला जिथे अडकतात त्या स्टीलच्या पट्ट्या. त्या डेकमधून खाली येऊन आतल्या लाकडी भिंतीला बोल्टने बसवलेल्या असतात. त्या भिंतीवर तपकिरी ओघळ दिसतो का पाहा. कपातून चहा सांडून वाळल्यासारखा दिसतो. माझ्या पहिल्या बोटीत तो ओघळ नव्हता. भिंत नुकतीच रंगवलेली, स्वच्छ पांढरी होती आणि आम्ही तिघंही खूश झालो. डिसेंबरात रेवदंड्याच्या बाहेर, बरा वारा असताना, आतून काठी मोडल्यासारखा आवाज आला. चेनप्लेटचा एक बोल्ट तुटला होता. दुसऱ्या तारेने डोलकाठी धरून ठेवली, आम्ही शिडं उतरवली आणि इंजिनवर परत आलो. रंग खरवडला तेव्हा त्याखाली तो चहाचा ओघळ होता. तेव्हापासून बाकी सगळं जुनं आणि एकच जागा नवी रंगवलेली दिसली की मी आधी तिथेच जातो.

तळाशी, बिल्जमध्ये, कीलचे बोल्ट दिसतात. गंज, ओल, आजूबाजूला भेगा नकोत. बोट पाण्याबाहेर असेल तर कील आणि सांगाडा जोडले जातात तिथे पुढच्या टोकाला हाताचं बोट फिरवा. केसासारखी रेघ आणि त्यातून ओल झिरपत असेल तर सर्व्हेअरला पहिल्यांदा तेच सांगा.

पाण्याखालच्या नळांना सीकॉक म्हणतात. प्रत्येक नळ स्वतःच्या हाताने उघडून बंद करून बघा. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावतं आणि गुलाबी, ठिसूळ होतं. चाकूच्या टोकाने खरवडून रंग बघायला मालक ना म्हणत असेल तर कारण विचारा.

इंजिन थंड हवं. तुम्ही पोचण्याआधी मालकाने ते गरम करून ठेवलं असेल तर त्याला थंडीत सुरू व्हायचा त्रास आहे असं समजा. म्हणून पहिला हात इंजिनवर ठेवा. तेलाची काडी काढा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. सुरू झाल्यावर मागच्या पाइपातून पाणी पडतंय का आणि धुराचा रंग काय, ते पाहा. काळा धूर म्हणजे इंजिनावर भार जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल तर विचारपूस वाढवा.

शिडं पिशवीतून बाहेर काढायला लावा. कापड चांगलं दिसतं, पण उन्हाने आधी शिवण मरते. शिवणीवर नखाने जोर द्या. दोरा सुटला तर शिड शिवायला द्यावं लागेल.

8. सर्व्हेअर लागतोच का? एवढा खर्च कशाला?

लागतो. तो तुम्ही नेमायचा, पैसे तुम्ही द्यायचे, आणि विकणाऱ्याने सुचवलेला घ्यायचा नाही. विमा कंपनीही जुन्या बोटीला त्याचा अहवाल मागते. एक बघा: मालवाहू जहाजांचे सर्व्हेअर पुष्कळ आहेत, पण फायबरच्या शिडाच्या बोटी तपासलेला माणूस हवा. मागे तपासलेल्या बोटीचा एखादा अहवाल नाव झाकून दाखवायला सांगा. ओल मोजायचं यंत्र, हातोडी, फोटो, आणि ‘आधी हे करा, मग ते’ अशी क्रमवारी त्यात असायला हवी.

बोट पाण्याबाहेर काढूनच तपासा. गरम पाण्यात सतत राहिलेल्या बोटीच्या तळाला ऑस्मोसिसचे फोड येतात. ते फोडले की व्हिनेगरसारखा वास येतो. फोड आले म्हणून बोट बुडत नाही, पण तळ सोलून वाळवून पुन्हा लेप द्यायचं काम महिनोन्‌महिने चालतं, आणि ते किमतीतून वजा व्हायला हवं.

आपण दुरून येणारी माणसं, म्हणून तारीख पंचांग बघून ठरवा. घसरणीवरून बोट वर ओढायला मोठी भरती लागते, ती अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे, उधाणाला. भांगाच्या दिवसांत तिकीट काढलंत तर किनाऱ्यावर उभं राहून बोट पाण्यात बघून परत याल.

9. बघायला जायचा बरा काळ कोणता?

जुलै. सगळे ऑक्टोबरात जातात. कोकणातल्या पावसात ताडपत्री काढायला लावा आणि तासभर आत बसा. कुठली खिडकी, कुठला बोल्ट गळतो, हे कुठल्याही यंत्राशिवाय कळतं. मेमध्ये बोट बाहेर निघताना तळ बघून घेतला तर बाहेर काढायचा वेगळा खर्चही वाचतो.

10. इसार किती द्यायचा? सौदा फिसकटला तर परत मिळतो का?

साधारण 10 टक्के देतात. पण इसारपावतीत तीन वाक्यं हवीतच: सर्व्हे समाधानकारक नसेल तर पूर्ण परत, समुद्रावरच्या चाचणीत दोष निघाला तर पूर्ण परत, आणि कागदपत्रं ठरलेल्या तारखेपर्यंत मिळाली नाहीत तर पूर्ण परत. ही तीन वाक्यं लिहायला कोणी कांकूं करत असेल तर इसार देऊ नका. बोटीसोबत काय काय येणार, याची यादीही त्याच कागदावर करा: डिंगी (इथे किनाऱ्यावरून ये-जा करायची छोटी होडी), तिचं इंजिन, नांगर किती, साखळी किती मीटर, लाइफ जॅकेट, रेडिओ. मी एकदा ताबा घ्यायला गेलो तर दुसरा नांगर गेलेला होता. यादी नव्हती, बोलायला जागा नव्हती.

11. समुद्रावरच्या चाचणीत काय करायचं?

किमान तीन तास काढा आणि मुंबईत दुपारची वेळ धरा, तेव्हा समुद्रावरून वारा येतो. सगळी शिडं चढवा, दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर चढत जा. सुकाणू हातात हलकं राहतं का की सारखं ओढ घेतं, कललेल्या बोटीत वाऱ्याच्या आडच्या बाजूच्या तारा फार सैल पडतात का, ते पाहा. मग शिडं उतरवून इंजिन अर्धा तास पूर्ण जोरात चालवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. परत आल्यावर बिल्ज पुन्हा उघडा. निघताना कोरडं होतं आणि आता ओलं असेल तर ते पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय उतरू नका.

12. कागदपत्रं कोणती बघायची?

आधी नोंदणी कुठली ते बघा. महाराष्ट्रात अंतर्गत जलमार्गांवरच्या बोटींची नोंदणी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे, इनलँड व्हेसल्स ॲक्ट 2021 खाली होते. समुद्रात जाणाऱ्यांची केंद्र सरकारच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडे. प्रमाणपत्रावर कुठल्या पाण्यात चालवायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. अंतर्गत पाण्यापुरती नोंद असलेली बोट घेऊन ‘यंदा गोव्याला’ असे बेत करू नका. 2025 मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला आहे, त्यामुळे 1958 च्या कायद्यावर बेतलेला जुना सल्ला तसाच्या तसा वापरू नका.

मग विक्रीपत्रांची साखळी: बांधणाऱ्यापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हाताबदलाचा कागद. सांगाड्यावर मागच्या बाजूला कोरलेला ओळख क्रमांक स्वतः उतरवून कागदाशी ताडा. परदेशी बनावटीची असेल तर आयात शुल्क भरल्याची कस्टम्सची बिल ऑफ एंट्री हवी. बँकेचं कर्ज असेल तर फिटल्याचं पत्र.

आणि थकबाकी. मूरिंगचं भाडं, यार्डाचं बिल, खलाशाचा पगार. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याप्रमाणे (जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा) काही देणी जहाजालाच चिकटतात आणि मालक बदलला तरी सुटत नाहीत: साधारण एक वर्ष, खलाशांच्या पगाराची दोन वर्षं. अंतर्गत जलमार्गाच्या बोटींना तो कायदा लागत नाही, पण यार्डवाला बिल मिळाल्याशिवाय कुठलीच बोट सोडत नाही. यार्डात आणि खलाशाला स्वतः विचारा, ‘काही बाकी आहे का?’ दोन फोनचं काम आहे.

13. परदेशी झेंड्याची, म्हणजे परदेशात नोंदलेली, बोट स्वस्तात मिळते आहे. मालक म्हणतो, कागद तसेच राहू द्या. घेऊ का?

नको. फिरतीवर आलेली परदेशी बोट शुल्क न भरता तात्पुरती आलेली असते. ती इथे विकली की शुल्क देय होतं, आणि न भरलेली बोट कस्टम्सला जप्त करता येते. शुल्क आणि जीएसटी भरून, झेंडा रीतसर बदलून किंमत परवडत असेल तरच बोला. ब्रिटिश नोंदणीत बोटीचे 64 हिस्से धरतात. विक्रीपत्रात 64 च्या 64 आले आहेत ना, ते मोजा.

14. जीएसटी, टीसीएस काही लागतं का? रोख चालेल का?

एका व्यक्तीने स्वतःच्या वापराची बोट दुसऱ्या व्यक्तीला विकली, तो तिचा धंदा नसेल, तर जीएसटी लागत नाही. बोट कंपनीच्या नावावर असेल तर लागतो, आणि सांगितलेली किंमत करासकट की कराशिवाय, हे पहिल्याच फोनवर विचारा. नव्या यॉटवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, आधी 28 टक्के आणि 3 टक्के उपकर होता.

22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरच्या यॉटवर, विकणारा कंपनी, फर्म किंवा मोठ्या उलाढालीचा व्यावसायिक असेल तर, 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून वसूल करून भरायचा कर, लागतो. तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो. रोख म्हणाल तर 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं घेणाऱ्याला कायद्याने मना आहे. सगळं बँकेतून करा.

15. वर्षाचा खर्च किती धरायचा?

बोटीच्या किमतीच्या 10 टक्के असा अंदाज सगळीकडे सांगतात. स्वस्तात घेतलेल्या जुन्या बोटीला तो कमी पडतो, कारण यार्डवाला बिल लांबीवर लावतो, तुम्ही काय दिलं त्यावर नाही. मूरिंग, पावसाळ्यात बाहेर काढणं-ठेवणं, तळाचा रंग, सांभाळणारा माणूस, विमा, इंजिनची सर्व्हिस, आणि आपलं रेल्वेचं भाडं. हे कागदावर मांडा आणि पहिल्या वर्षी किमतीचे आणखी 20 टक्के दुरुस्तीला बाजूला ठेवा. हा आकडा माझ्या दोन बोटींच्या अनुभवातला आहे.

16. तीन मित्र मिळून घेतो आहोत. लिहून घ्यायची गरज आहे का?

मित्र आहात म्हणूनच लिहा. आमच्यातल्या एकाची बदली झाली आणि ‘माझा हिस्सा द्या’ म्हणाला. कुठल्या भावाने, हे ठरलेलं नव्हतं. मैत्री टिकली, पण सहा महिने आम्ही एकमेकांना फोन टाळत होतो. हिस्सा विकायचा तर आधी बाकीच्यांना विचारायचं, किंमत सर्व्हेअर ठरवेल, दिवाळी आणि नाताळ पाळीपाळीने, ठरावीक रकमेवरचा खर्च तिघांच्या होकारानेच, आणि एखाद्याच्या चुकीने तुटलं तर विम्यात न बसणारे पैसे त्याचे. दोन पानं पुरतात. नोंदणीवरही तिघांची नावं घाला.

17. मला बोट विकायची आहे. दोष सांगू का? सांगितले तर भाव पडेल.

सांगा, लेखी सांगा. सर्व्हेअर तसंही शोधणार आहे, आणि लपवलेला एक दोष सापडला की घेणारा बाकीच्या बोटीवरही विश्वास ठेवत नाही. 27 फुटी विकताना आम्ही चेनप्लेटची पूर्ण हकिकत, नव्या पट्ट्यांची बिलं आणि तुटलेला बोल्ट असं सगळं पुढे ठेवलं. घेणाऱ्याने तो बोल्ट हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे आता हे नवं आहे.’ त्याने भाव पाडला नाही.

बिलांची फाइल करा. बिल्ज कोरडं, इंजिन पुसलेलं, कप्पे रिकामे ठेवा. ताजा रंग मात्र देऊ नका (कारण प्रश्न 7 मध्ये आहे). जाहिरात ऑगस्टच्या शेवटी द्या. नारळी पौर्णिमा झाली की लोकांना समुद्र आठवतो, आणि ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरताना घेणारा हजर असतो. मार्च-एप्रिलमध्ये घेणाऱ्याला पुढ्यात पावसाळ्याचा खर्च दिसतो.

18. विकली, पैसे आले. माझं काम संपलं ना?

नोंदणी नव्या नावावर होईपर्यंत नाही. ती होण्याआधी बोटीने कुणाला धडक दिली तर पहिली नोटीस तुमच्या घरी येईल. अर्जाची पोच स्वतःजवळ ठेवा. विमा तुमच्या नावाचा असतो, तो आपोआप पुढे जात नाही. घेणाऱ्याने त्याच दिवसापासून स्वतःचा काढावा.

इपर्ब विसरू नका. संकटात उपग्रहाला हाक देणारं 406 मेगाहर्ट्‌झचं यंत्र. त्याची नोंद भारतात बंगळूरुला इस्रोच्या केंद्रात असते, त्यावर मालकाचं नाव आणि फोन असतो. नोंद बदलली नाही तर नवा मालक बुडत असताना फोन तुमच्या धरमपेठेतल्या घरी वाजेल, आणि तुम्हाला बोट कुठे आहे ते माहीत नसेल. रेडिओचा परवाना आणि एमएमएसआय क्रमांकही (रेडिओवरची बोटीची ओळख) असेच नव्या नावावर करायचे. तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक चार्ट टेबलजवळ (सागरी नकाशे पसरायचं टेबल) चिकटवलेला असेल तर तो तसाच राहू द्या.

19. मालक वारले. त्यांचा मुलगा विकतो आहे, किंमत फार चांगली आहे.

मुलाच्या एकट्याच्या सहीवर घेऊ नका. मृत्युपत्र किंवा वारस दाखला, सगळ्या वारसांच्या सह्या किंवा ना-हरकत, आणि आधी नोंदणी वारसांच्या नावावर झालेली, मग तुमच्या. वेळ लागतो. तोपर्यंत इसार बँकेतून द्या आणि बोट कोण सांभाळणार ते लिहून घ्या. बहुतेक वेळा अशी बोट दोन-तीन वर्षं कुणी उघडलेलीही नसते, म्हणून प्रश्न 7 मधलं सगळं दुप्पट सावकाश करा. एक विनंती: आत वारलेल्या माणसाच्या नोंदवह्या, चार्टवरच्या पेन्सिलीच्या रेघा सापडतात. त्या घरच्यांना विचारून परत द्या. आमच्या 31 फुटीत एक वही मिळाली होती, मुरुडच्या वाटेवरच्या जाळ्यांच्या जागा लिहिलेली. घरच्यांनी ती बोटीवरच ठेवायला सांगितली.

20. एकदा पाणी भरून बुडालेली बोट वर काढली आहे, निम्म्या किमतीत देतात. दुरुस्त करून वापरता येईल?

किनाऱ्यावर राहणारा आणि स्वतः हाताने काम करणारा माणूस करू शकतो. खाऱ्या पाण्यात गेलेलं इंजिन काही दिवसांत उघडून धुतलं नाही तर आतून गंजतं. वायरिंग पूर्ण नवीन करावी लागते, कारण तांब्याच्या तारेत मीठ आतपर्यंत चढतं. गाद्या, लाकूड, पंप, सगळं जातं. ती कशामुळे बुडाली, हे आधी ठरवल्याशिवाय दुरुस्तीला अर्थ नाही: फुटलेला सीकॉक असेल तर ठीक, सांगाड्याला भेग असेल तर वेगळं. नागपूरहून येऊन-जाऊन हे काम दोन मोसमांत पुरं होत नाही. निम्मी नाही, फुकट दिली तरी मी घेणार नाही.